मामाजीची साखर मी उतरवली

गेल्या पावसाळ्यात माहे मामाजी मरता मरता वाचले, अन् त्यायले मारणारी मीच होती.

(मामाजी म्हणजे सासरे. आमच्याकडं सासऱ्याले मामाजीच म्हणतेत अन् सासूले आत्याबाई. मारणारी म्हणजे मारणारीच, त्याले आमच्याकडं दुसरा शब्द नाही.)

आता कोणी म्हणीन, सुनेले सासऱ्याचा राग असन. राग कायचा? मी लग्न होऊन आली तवा पहिल्याच दिवशी भात करपवला. आत्याबाईनं भाताचा गंज (म्हणजे पातेलं) पाह्यला अन् तोंडाले पदर लावला, अन् मामाजी म्हणे, करपलेला भात आपल्याले आवडते, अजून वाढ. दोनदा मागून खाल्ला. तवापासून मले वाटे का एक बाप गेला तं देवानं दुसरा देला.

अन् पहिला बाप गेला होता थो साखरेच्या बिमारीनंच. पायाले काटा रुतला, थो बरा झाला नाही. पहिले बोट कापलं, मग पाय कापला, मग बाबाच राहिले नाही. मी नववीत होती, शाळा तिथंच सुटली. म्हणून मामाजीलेही साखर हाय हे समजलं तवाच माह्या पोटात गोळा आला होता, पण त्यायच्या रोजच्या गोळ्या चालू होत्या, तं थो गोळा पोटातच दबून राहिला. मग गेल्या पावसाळ्यात रोवणा लागला, म्हणजे धानाची लावणी, अन् चिखलात मामाजीच्या पायाच्या बोटाले जखम झाली. आठ दिवस झाले, सुकेना. मी सकाळी उठली का पहिले मामाजीचं बोट पाहाची, मग माह्या पोरीचं तोंड. (पोरगी पिहू, दीड वर्षाची. तिचं तोंड पाहाले वेळ लागे, कारण थे नेहमी कशाततरी घातलेलं राहे.)

मामाजीचं खाणं म्हणान तं भात. सकाळी भाताची पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात, अन् मधात भूक लागली तं शिळा भात. संगं तलावातली मासोळी नाहीतं सुके झिंगे. अन् चहा घरी बिनसाखरेचा पेत, मग "पाय मोकळे करून येतो" म्हणून घरासमोर कमलाबाईच्या टपरीवर जात, तिथं चार चमचे साखरेचा पेत, अन् पाय मोकळे झाल्यासारखे हसत घरी येत.

अशात मोबाईलवर मले एक व्हिडिओ भेटला. पांढऱ्या कोटातला बाबू सांगून राहिला होता का साखर मुळापासून जाते, पंधरा दिवसात, फक्त झाडाचं खा. दूध, दही, अंडं, मासोळी, प्राण्याचं सगळं बंद. भात बंद, साखर बंद, गूळ बंद. पाला खा, कडू खा. पहिले पहिले कमजोरी येते, हातपाय कापतेत, घाबरू नका, जहर बाहेर निघून राहिलं असते. थो मधात मधात इंग्रजी बोले, थे मी सोडून देल्लं. अन् शेवटी थो "जे लोक गोळ्या खातेत त्यायनं" असं कायतरी म्हणाले लागला, तेवढ्यात पिहूनं मोबाईल तोंडात घातला. मी मोबाईल काढला, पुसला, तवरी बाबू गेला होता. म्हणलं, नंतर पाहू.

नंतर कोण पाहते.

दुसऱ्याच दिवशी मी घर ताब्यात घेतलं. पावसाळ्यात आमच्याकडं पाल्याले काय कमी? धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधावर, तरोटा नावाचा रानपाला उगवते, थो तोडून आणला, उकडला, तेल नाही, फोडणी नाही. कारल्याचा रस काढला. कडुलिंबाचा कोवळा पाला वाटला. झिंग्याचा डबा बाहेर, दही बाहेर, मामाजीच्या ताटातला भात बाहेर. फक्त एक गोष्ट मी इमानदारीनं चालू ठेवली: गोळ्या. सकाळची सकाळी, संध्याकाळची संध्याकाळी, कधी एक चुकू देल्ली नाही. म्हणलं, दोन्हीकडून मारलं तं बिमारी लवकर मरन.

आत्याबाईनं ताट पाह्यलं.

"म्हाताऱ्याले बैल समजली का तू? बैलालेही सरकीची ढेप देतेत."

मामाजीनं एक घास खाल्ला. त्यायचं तोंड असं झालं का पिहू रडाले लागली. पण म्हणे, "राहू दे व. पोरीनं बापाचा पाय पाह्यला हाय." अन् पूर्ण वाटी संपवली. मी चुलीपाशी तोंड फिरवून बसली, कारण माह्या डोळ्यात पाणी आलं होतं. आता वाटते, थे पाणी जरा कमी अन् डोस्कं जरा जास्त वापरलं असतं तं बरं झालं असतं.

मग घरातली साखर काढली. साखरेचा डबा, गुळाची भेली, पिहूची बिस्किटं, देवापुढचे बत्तासे, सगळं एका पिशवीत भरलं अन् कमलाबाईले नेऊन देल्लं. देल्लं तं देल्लं, वरून तिचा हात पिहूच्या डोक्यावर ठेवून तिले शपथ घ्याले लावली. मामाजीले चमचाभर साखर देणार नाही. मामाजी रडले तरी नाही. आत्याबाईनं मागली तरी नाही. कमलाबाई म्हणे, "अन् तूच आली मागाले तं?" मी म्हणलं, मी पाय धरले तरी देऊ नका, कारण मामाजीनं डोळे भरून मागतलं तं मी वितळीन, मले माहीत हाय. कमलाबाई म्हणे, बरं झालं सांगतलं. थे बाई शब्दाची पक्की. येवढी पक्की असन हे मात्र मले तवा माहीत नव्हतं.

गावची आशा कार्यकर्ती शालूताई, तिच्याजवळ साखर मोजाची मशीन हाय. तिले मी काई सांगतलं नाही. म्हणलं, पंधरा दिवसानं एकदमच सांगू, चकित करू.

चारपाच दिवसात बोटाची जखम सुकाले लागली. खोटं नाही सांगत, खरंच सुकाले लागली. मी गावात अशी चालाची जशी नागपूरवरून डॉक्टर होऊन आली. मग मामाजीचे हात कापाले लागले. सकाळी गोळी घेतली का तासाभरानं गिलास हातात धरता येईना, अंगाले दरदरून घाम सुटे. आत्याबाई घाबरल्या. मी म्हणलं, जहर निघून राहिलं. मामाजीनं मान डोलावली. त्या माणसाचा माह्यावर येवढा विश्वास होता का जहर निघाचं म्हणून थो चुपचाप कापत बसे.

अकराव्या दिवशी आमच्या शेवटच्या बांधीचा, म्हणजे टपरीच्या मागच्या धानाच्या तुकड्याचा, रोवणा होता. मामाजीनं सकाळी गोळी घेतली, कारल्याचा रस पेले, वाटीभर तरोटा खाल्ला अन् गेले. मजुराले पऱ्हे पुरले पाहिजे म्हणून स्वतःच वाकून वाकून पऱ्हे उपटले, तीन तास. (पऱ्हे म्हणजे धानाची रोपं.) मी दुपारी पिहूले कडेवर घेऊन बायायची शिदोरी घेऊन पोहोचली, तं रोवणाऱ्या साऱ्या बाया कंबर सरळ करून धुऱ्याकडं पाहून हसून राहिल्या होत्या.

धुऱ्यावर मामाजी उभे होते अन् आभाळातल्या इमानाशी भांडून राहिले होते.

आमचं गाव बिरसीच्या इमानतळाजवळ. तिथं पायलट शिकतेत, त्यायचे लहान लहान इमान दिवसभर आमच्या डोक्यावर गिरक्या घालतेत. आमी त्याच्याकडं पाहतही नाही. पण मामाजी हात वर करून ओरडून राहिले होते, "खाली उतर. माहे पऱ्हे कुठं घेऊन चालला? उतर म्हणतो न." इमान गेलं. मामाजी दुसऱ्या इमानाची वाट पाहत उभे राहिले. मग चालाले लागले तं एक पाय धुऱ्यावर अन् एक पाय हवेत, अन् सरळ बांधीत बसले, गारकन, कमरेवरी चिखलात.

एक बाई म्हणे, "बुढा आज मव्हाची लावून आला वाटते."

आता आमच्या मामाजीनं जिंदगीत मव्हाच्या दारूले हात लावला नाही. गावात कोणी पेऊन दिसला तं त्याले पारावर बसवून तासभर भाषण देतेत. लोक मामाजीच्या भीतीनं दारू सोडत नाही, पण रस्ता बदलतेत. असा माणूस चिखलात बसून हसून राहिला होता. बायायले तं जत्रा झाली.

मी पिहूले घेऊन तशीच चिखलात उतरली. मामाजीचं अंग थंडगार, सदरा घामानं ओला. तोंडाचा वास घेतला, तं कारल्याचा वास. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, पण मी त्यायले दिसली नाही. माह्या जागी त्यायले दुसरंच कोणी दिसून राहिलं होतं.

"माय," मले म्हणे, "साखर दे व माय."

त्यायची माय जाऊन तीस वर्षं झाली असतीन. येवढा मोठा माणूस, चिखलात बसून, हात पुढं करून लेकरासारखा साखर मागून राहिला होता. अन् मी काय म्हणलं माहीत हाय?

"नाही मामाजी. चारच दिवस राहिले."

हे वाक्य मले आजही जेवता जेवता आठवते अन् घास ताटात वापस जाते.

तवरी आत्याबाई धावत आल्या. आल्या आल्या त्यायनं कपाळावर हात मारला. म्हणे, चाळीस वर्षं संसार केला, कधी थेंब नाही शिवला, अन् या पोरीनं कडू खाऊ घालू घालू म्हाताऱ्याले दारूवर आणलं. बाया म्हणे, डोक्यावर पाणी टाका. टाकलं. बाया म्हणे, आंबट पाजा. कमलाबाई टपरीवरून निंबूपाणी घेऊन आली अन् माह्या कानात हळूच बोल्ली, "बिनसाखरेचं हाय. तू काळजी नको करू." मी तिले हात जोडले. धन्यवाद म्हणून हात जोडले मी!

मामाजीनं गिलास झटकून देल्ला. बैलालेही कधी न मारणारा माणूस, त्याचा हात कमलाबाईच्या तोंडाले लागला. मग मामाजी हसाचे बंद झाले. मग बोलाचेही बंद झाले, नुसती मान खाली, ओठ हालून राहिले. बाया हसाच्या बंद झाल्या. तवा मले बाबा आठवले. बाबाही शेवटी असेच चूप झाले होते.

मी यायले फोन लावला. (हे म्हणजे पिहूचे बाबा, बिरसीले गेटवर गार्ड हायेत.) रडत रडत म्हणलं, मामाजी पेऊन आले. हे म्हणे, माहा बाप पेत नाही, शालूताईले फोन लाव, मी येऊन राहिलो.

शालूताई दुसऱ्या गावात लसीकरणावर होती. तिनं माह्या रडण्यातून एकेक गोष्ट ओढून काढली. सकाळी काय खाल्लं? तरोटा. भात? अकरा दिवसापासून बंद. गोळी? रोज, ताई, एकही चुकवली नाही. शालूताईचा आवाज चढला.

"घाम हाय?"

"हाय."

"त्यायची साखर उतरली व. एकदम खाली गेली."

मी म्हणलं, "उतरली? म्हणजे जमलं न ताई?"

शालूताईनं मले जी शिवी देल्ली थे मी लिहीत नाही, तिच्या नोकरीचा प्रश्न हाय. म्हणे, जमलं नाही, मरून राहिले थे. गिळून राहिले काय पाह्य. गिळत असतीन तं आताच्या आता साखरपाणी दे. बेशुद्ध पडले तं तोंडात काई टाकू नको, उचलून सरळ दवाखान्यात ने. पाच मिनिटंही थांबू नको.

मी मामाजीच्या ओठाले ओलं बोट लावलं. त्यायनं गिळलं. मी कमलाबाईकडं वळली.

"वहिनी, साखर द्या. लवकर."

कमलाबाईनं टपरीची चाबी कमरेत अजून खाली खोचली. "नाही."

"वहिनी, शालूताईनं सांगतलं."

"पिहूच्या डोक्यावर हात हाय माहा. तू म्हणली होती, पाय धरीन तरी देऊ नको."

मी पाय धरले.

"पाह्य," कमलाबाई बायायले म्हणे, "जसं सांगतलं होतं तसंच करून राहिली. वितळली पोरगी."

मग मले काय झालं माहीत नाही. पिहूले आत्याबाईच्या हातात कोंबलं, कमलाबाईच्या कमरेतली चाबी हिसकली अन् पळाली. मागून कमलाबाई, "धरा व तिले, म्हाताऱ्याले मारते थे!" कमलाबाईच्या मागं दोन बाया, त्यायच्या हातात पऱ्ह्याच्या पेंड्या, अन् त्या पेंड्या माह्या पाठीवर फेकून राहिल्या. एक पेंडी मानेवर बसली, चिखलासकट. पिहू टाळ्या वाजवून राहिली होती, तिले वाटलं आई खेळून राहिली. मी टपरी उघडली, डबा उचलला, वापस पळाली. त्या बाया सामोरून आल्या. मी बांधीत उतरली, तिथं पाय फसला, पडली, अन् अर्धी साखर आमच्याच बांधीत सांडली. त्या जागेवरच्या बेडकायले त्या दिवशी काय वाटलं असन थे देवाले माहीत.

राहिली थे साखर मी निंबूपाण्याच्या गिलासात कालवली. चमचा नव्हता, बोटानं कालवली. मामाजीच्या तोंडापाशी गिलास नेला, तं कमलाबाईनं माहा हात धरला. थे पण रडून राहिली होती. म्हणे, नको व, साखरेनं मरतेत थे, तूच सांगतलं होतं. अन् खरंच, माहा हातही थांबला. बाबाचा पाय माह्या डोळ्यासमोर आला. फोनवरच्या बाईचं ऐकू का अकरा दिवस माहं मीच सांगतलेलं ऐकू, मले समजेना. मामाजीची मान एका बाजूले पडत चालली होती.

आत्याबाईनं पिहूले खाली ठेवलं अन् कमलाबाईचा हात झटकला.

"मरते तं गोड खाऊन मरू दे," अन् गिलास स्वतःच्या हातानं त्यायच्या ओठाले लावला.

एक घोट. अर्धा बाहेर आला. दुसरा घोट. तिसरा. सगळ्या बाया चिखलात उभ्या. डोक्यावरून एक इमान गेलं, मामाजीनं वर पाह्यलं नाही. गिलास संपला, आत्याबाईनं दुसरा कालवला. मी मामाजीचे पाय धरून बसली होती, तेच जखमेचं बोट माह्या मुठीत होतं, सुकलेलं. बोट बरं झालं होतं, अन् बोटाचा मालक चालला होता. कितीक वेळ गेला सांगता येत नाही. मले तं एक पूर्ण पावसाळा गेला वाटला.

मग मामाजीनं डोळे बारीक केले. आपल्या ओल्या सदऱ्याकडं पाह्यलं, आत्याबाईकडं पाह्यलं, चिखलात उभ्या बायायकडं पाह्यलं.

"मी येथ काऊन बसून राहिलो?" म्हणे. "अन् या बाया काऊन रडून राहिल्या? रोवणा कोण करीन?"

आत्याबाई तवा रडल्या. मी नाही रडली, मी बांधीच्या कडेले जाऊन ओकली.

हे आले, शालूताई आली, मशीनवर आकडा पाह्यला तं दोन गिलास साखरपाण्यावरही कमीच. म्हणे, गोळीचा असर अजून बाकी हाय, पुन्हा उतरन, दवाखान्यात चला. रात्रभर मामाजीले सलाईन लागली. सकाळी डॉक्टरीणबाई आली, माह्यायेवढ्याच वयाची, तिनं विचारलं, खाणं कोणी बदललं?

मी भिंतीले चिकटली. पण सांगतलं. तरोटा, कारलं, कडुलिंब, भात बंद, गोळी चालू. सांगता सांगता माह्यालेही समजून राहिलं होतं. डॉक्टरीणबाई रागावली नाही, थे जास्त खराब वाटलं. म्हणे, पालाभाजी चांगलीच आहे, डाळ द्या, उसळ द्या, भात एकदम बंद नाही, थोडा द्या. तुमच्यामुळं त्यांची साखर खरंच कमी होत होती. पण गोळी तीन ताटं भाताच्या हिशोबानं लिहिलेली होती. भात काढला तर गोळीही डॉक्टरला विचारून कमी करावी लागते. नाहीतर ती माणसालाच खाते. अजून एक दिवस गेला असता तर हे बोलणं मी दुसऱ्या शब्दांत केलं असतं.

मी म्हणलं, "मले जेलात टाका डॉक्टर."

मामाजी खाटेवरून म्हणे, "तिले काई बोलू नका. तिनं माहा जीव वाचवासाठीच माहा जीव घेतला होता."

डॉक्टरीणबाईनं नवा कागद लिहिला. कोणती गोळी बंद, कोणती चालू, किती भात, अन् खिशात साखरेची पुडी कायम. मी हात पुढं केला. तिनं माह्याकडं पाह्यलं, यायच्याकडं पाह्यलं, अन् कागद आत्याबाईच्या हाती देल्ला.

मी हळूच म्हणलं, "डॉक्टर, आत्याबाईले वाचता येत नाही."

"माहीत आहे," थे म्हणे. "म्हणूनच दिला. त्या विचारतील."

आता थो कागद आत्याबाईच्या पदराच्या गाठीले राहते. रोज सकाळी गाठ सोडतेत, कागद माह्यापुढं धरतेत, अन् म्हणतेत, "वाचून दाखव. समजून नको घेऊ."